मास्तरांच्या इंजिनाची कुरकुर

माणूस रिटायर झाला की त्याच्याकडं दोन गोष्टी आपोआप साठत जातात: गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि किस्से. पाकिटं बायको फेकून देते. किस्से फेकायला जागा लागते, म्हणून हा कागद!

मी तहसील कचेरीत क्लार्क होतो. तिथलेही किस्से आहेत, पण त्यांतली अर्धी माणसं अजून नोकरीत आहेत आणि उरलेली अर्धी रोज संध्याकाळी माझ्याच बाकावर येऊन बसतात. तेव्हा कचेरी राहू द्या. हे किस्से आमच्या विमानवाल्यांचे.

आम्ही चौघं. कमलनगरच्या बाहेर, कर्नाटक-महाराष्ट्राच्या अगदी सीमेवर, एक पडीक माळ आहे, तिथं रविवारी सकाळी आम्ही छोटी विमानं उडवतो. ‘खेळण्यातली विमानं’ असं मास्तरांसमोर म्हणायचं नाही. विमान हातभर लांब, इंजिन मुठीएवढं, पण खरं इंजिन. त्यात पिस्टन आहे, कार्बोरेटर आहे, आणि पंखा ज्या दांड्यावर फिरतो त्याला धरून ठेवणाऱ्या दोन बेअरिंगा आहेत. एक पुढं, एक मागं. बिदरकडून शिकाऊ वैमानिकांची मोठी विमानं डोक्यावरून गेली की मास्तर वर बघून किंचित मान हलवतात, एका खात्यातल्या माणसानं दुसऱ्याला ओळख द्यावी तशी.

मास्तर म्हणजे विठ्ठलराव, हायस्कूलचे रिटायर्ड विज्ञान शिक्षक. दुसरा शिवराज अण्णा. याचं पाण्याच्या मोटारींच्या रिवाइंडिंगचं दुकान आहे आणि तो मास्तरांचाच विद्यार्थी. तिसरे लतीफभाई, शिलाई मशीन दुरुस्त करणारे. अंगठ्यानं चाक फिरवून मशीनचं वय सांगतात. चौथा मी. मला यंत्रातलं काही कळत नाही, म्हणून मी नोंदी ठेवतो. पाचव्या अक्का, मास्तरांच्या पत्नी. त्या आमच्या सभासद नाहीत, हे त्या आम्हाला दर रविवारी सांगतात.

यंदा आम्हाला एक घोर लागला होता. दिवाळी झाली की मास्तर आणि अक्का कायमचे मुलीकडं गुलबर्ग्याला जाणार होते. (कागदावर कलबुर्गी, बसच्या पाटीवर कलबुर्गी, आणि बसमध्ये बसलेल्या प्रत्येकाच्या तोंडी गुलबर्गा.) चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. जावयानं अगदी आदरानं सांगितलं होतं, “इंजिन खुशाल आणा मामा, शोकेसमध्ये छान दिसेल.” मास्तरांनी ते इंजिन तरुणपणी मद्रासहून पोस्टानं मागवलं होतं. शोकेसमध्ये बसण्याआधी ते पुन्हा एकदा, आपल्या हातानं, आभाळात न्यायचं एवढीच त्यांची इच्छा होती. आणि ते इंजिन चार वर्षं जमिनीवरून हललं नव्हतं. सुरू व्हायचं, दोन मिनिटं किंचाळायचं आणि बंद पडायचं.

* * *

किंचाळायचं म्हणजे खरोखर किंचाळायचं. मास्तरांच्या अंगणात ते सुरू केलं की शेजारची बाई भिंतीवरून विचारायची, “मास्तर, गिरणीचा पट्टा घसरायलाय का?”

अण्णानं पहिल्याच दिवशी निदान केलं. “मास्तर, बेअरिंग गेलीय. किरकिर यायलीय बघा.”

मास्तर म्हणाले, “बेअरिंगचा आवाज नाही तो. पंख्याचा आहे.”

पंखा बदलला. किरकिर तीच. मग मास्तर म्हणाले, खालची फळी थरथरते आहे. फळी बदलली. मग ते म्हणाले, हवेत दमटपणा आहे. हवा काही बदलता आली नाही.

लतीफभाईंनी पंखा बोटानं हळूच फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाले, “मास्तर, अंदर रेती चबा रहा है ये.”

“आवाज त्याचा नाही हो!”

एवढ्यात अक्का स्वयंपाकघरातून म्हणाल्या, “ऐकू नका त्यांचं. त्यांचा गुडघा वाजला तर तेबी म्हणतेत, खुर्ची वाजायलीय!”

मास्तरांनी त्याच दिवशी इंजिन उघडायला परवानगी दिली. गुडघ्याला अजून दिलेली नाही.

* * *

उघडल्यावर पुढची बेअरिंग बऱ्या अवस्थेत निघाली. मागची मात्र पार विटकरी झाली होती. गोळ्यांवर गंज, कड्यांना खड्डे.

कारण सोपं होतं. या इंजिनाचं इंधन म्हणजे मिथेनॉल आणि एरंडेल. मिथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं. म्हणून उड्डाण संपलं की आत उरलेलं इंधन जाळून टाकायचं आणि चार थेंब तेल सोडून मगच इंजिन डब्यात ठेवायचं, असा नियम आहे. चार वर्षांपूर्वी शेवटच्या उड्डाणानंतर मास्तरांनी ते तसंच ओलं डब्यात ठेवलं होतं.

“लोखंडाला गंज चढायला हवा आणि ओलावा दोन्ही लागतात,” मास्तर स्वतःशीच पुटपुटले. हे वाक्य त्यांनी सगळ्या तालुक्याला शिकवलं होतं.

अण्णानं बेअरिंग हातात घेतली, उजेडात धरली, आणि शांतपणे म्हणाला,

“मास्तर, याच प्रश्नाला तुम्ही मला शून्य मार्क दिलते.”

* * *

आता ही बेअरिंग बाहेर काढायची कशी? ती इंजिनाच्या अंगात घट्ट बसलेली असते. अण्णाचा सगळ्या रोगांवर एकच उपाय, हातोडा. मास्तरांचा उपाय पुस्तकातला: इंजिनाचं अंग अ‍ॅल्युमिनियमचं, बेअरिंग पोलादाची, तापवलं की अ‍ॅल्युमिनियम जास्त फुगतं आणि बेअरिंग आपोआप सुटते. पण किती तापवायचं? पुस्तकात अंश दिले होते. मोजायचं कशानं, ते दिलं नव्हतं.

अक्का शेजारच्या घरी गेल्या होत्या. तीन म्हाताऱ्यांनी आणि एका पन्नाशीच्या अण्णानं मिळून त्यांचा भाकरीचा तवा चुलीवर चढवला आणि त्यावर इंजिनाचं अंग पालथं ठेवलं. दर मिनिटाला अण्णा विचारी, “झालं का?” आणि मास्तर म्हणत, “सांगता येत नाही.” जळक्या एरंडेलाचा वास गल्लीभर सुटला.

त्या वासावरच अक्का परत आल्या. दारात उभं राहून त्यांनी तव्याकडं पाहिलं, आमच्याकडं पाहिलं, आणि मग तांब्यातल्या पाण्यात बोटं बुडवून तव्यावर झटकली. थेंब चुर्र करून जागच्या जागी विरले.

“अजून न्हाई.”

थोड्या वेळानं पुन्हा झटकली. या वेळी थेंब मोत्यासारखे गोल होऊन तव्यावर नाचत सुटले.

“आता घ्या. भाकरी टाकायची येळ हीच असती.”

लतीफभाईंनी चिमट्यानं इंजिन उचलून पाटावर हलकंच आपटलं. टुक! बेअरिंग बाहेर. अण्णाचा हातोडा हातातल्या हातात राहिला.

त्या संध्याकाळी मास्तर जेवायला बसले. भाकरीला एरंडेलाचा वास होता, पण गुन्हेगाराला तक्रारीचा अधिकार नसतो हे ते जाणून होते. अक्कांनी विचारलं, “कशी झालीय?”

“छान झालीय.”

“मग ठीक हाय,” अक्का म्हणाल्या. “मी अजून खाल्ली न्हाई. आधी तुमच्यावर बघायलते.”

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवा तवा आणला. जुन्या तव्याच्या पाठीवर अण्णाकडून लाल पेंटनं ‘विमान’ असं लिहून घेतलं.

* * *

जुन्या बेअरिंगचा आम्ही रीतसर निरोप समारंभ केला. कल्पना माझी. कचेरीत माणूस जातो तेव्हा सत्कार होतो. बेअरिंगनं काय घोडं मारलंय?

बशीत बेअरिंग ठेवली, वर झेंडूचं एक फूल. लतीफभाईंनी भाषण केलं, “इस ने कभी छुट्टी नहीं मांगा, कभी प्रमोशन नहीं मांगा. आखिर में थोडा चिल्लाया, मगर काम करते करते चिल्लाया.” मास्तरांनी टाळ्या वाजवल्या आणि रुमालानं चष्मा पुसला.

मी नोंदवहीत लिहिलं: ‘सदर कर्मचारी सेवानिवृत्त. शेरा: वर्तणूक चांगली.’

माझ्या स्वतःच्या निरोपाला एकच भाषण झालं होतं आणि तेही बोलणाऱ्यानं माझ्याऐवजी बडे बाबूंचं नाव घेऊन केलं. बेअरिंगचं नशीब!

* * *

नवी बेअरिंग गुलबर्ग्याहूनच आणावी लागेल असं मास्तरांचं मत. अण्णाला तो अपमान वाटला. “माझ्या दुकानात शंभर मोटारी उघड्या पडल्यात अन् तुम्ही बेअरिंगसाठी गुलबर्ग्याला जायलात?”

त्यानं खण उपसून त्याच मापाची बेअरिंग काढली. दोन्ही बाजूंना रबराची झाकणं, आत गच्च ग्रीस.

“मागची बेअरिंग उघडी लागते,” मास्तर म्हणाले. “इंधनातलं तेलच तिला मिळतं.”

“उघडी? मास्तर, धूळ जाईल की! ही बघा, धुळीचा कण बी जाणार न्हाई.”

“तेलही जाणार नाही ना पण.”

“आत ग्रीस हाय.”

बेअरिंग आधी थंड करायची असते ती कुणी केली नाही. इंजिन पुन्हा तापवून अण्णानं ती ठोकून बसवली. (हातोड्याला शेवटी काम मिळालं.) इंजिन सुरू झालं आणि अर्धं मिनिट इतकं सुरेख चाललं, की अण्णा आमच्याकडं एकेक करून बघू लागला. माझी पाळी यायच्या आत मिथेनॉलनं रबर फुगलं, झाकण निसटलं, आणि आतलं सगळं ग्रीस कार्बोरेटरच्या वाटेनं मास्तरांच्या पांढऱ्या शर्टावर आलं. इंजिन गचकन थांबलं.

अण्णानं वाकून नीट पाहिलं. निकाल दिला:

“बेअरिंग चांगली हाय. इंजिन खराब हाय.”

* * *

मग मास्तर आणि लतीफभाई गुलबर्ग्याला गेले. जुनी बेअरिंग मास्तरांनी चष्म्याच्या डबीत घातली होती; चष्मा खिशात आपटत होता.

तिथल्या बाजारात बेअरिंगचं एक मोठं दुकान आहे. गिऱ्हाईक सगळं तूरडाळीच्या मिलवालं. परातीएवढ्या बेअरिंगा भिंतीला टांगलेल्या. मालकानं विचारलं, “किस मशीन का?”

मास्तर आयुष्यात खोटं बोललेले नाहीत, भाकरीचा प्रसंग सोडून. म्हणाले, “विमानाचं.”

मालक उठून उभा राहिला. खुर्ची पुसली. चहा सांगितला. आतल्या माणसाला हाक मारून म्हणाला, “ते दुसरं गिऱ्हाईक थांबू दे.” मग अगदी खालच्या आवाजात, “साहेब, कागदपत्रं आणलीत ना? विमानाच्या पार्टला आम्हाला लिहून घ्यावं लागेल.”

मास्तरांनी चष्म्याची डबी उघडली. मालकानं आत पाहिलं. बराच वेळ पाहिलं. ती गंजकी रिंग करंगळी-अंगठ्यात धरून तो म्हणाला,

“इत्ते से बेअरिंग पर कितने पॅसेंजर बैठते?”

लतीफभाई म्हणाले, “एकच बैठता. मास्तर का जीव.”

बेअरिंग मिळाली. उघडी, गोळ्या पितळी पिंजऱ्यात बसवलेली, अगदी हवी तशी. चहा मात्र आला नाही.

* * *

दरम्यान इंधनाची सोय माझ्याकडं होती. मिथेनॉल अण्णाच्या ओळखीनं मिळालं. एरंडेल आणायला मी किराणा दुकानात गेलो.

“पाच लिटर एरंडेल द्या.”

दुकानदारानं माप खाली ठेवलं. “पाच लिटर? काका, घरात माणसं किती हायत?”

“दोघंच.”

तो काउंटरवर पुढं वाकला. “किती दिवसांपासून?”

“काय किती दिवसांपासून?”

“ऐका माझं,” तो म्हणाला, “एकदा उदगीरला जाऊन चांगल्या डॉक्टरला दाखवा. तेलानं हे भागायचं न्हाई.”

तेल दिलं त्यानं. पण घरी पोचेपर्यंत आमच्या बायकोला तीन बायकांचे फोन येऊन गेले होते. त्यातल्या एकीनं पेरू खायला सांगितलं.

* * *

नवी बेअरिंग बसवायची रीत काढायच्या उलट. इंजिन तापवायचं, बेअरिंग गारठवायची. एक फुगतं, दुसरी आकसते, आणि न ठोकता आत जाते. फ्रिज पाहिजे होता. अक्का दारातच आडव्या आल्या. “तवा दिला. फ्रिज देणार न्हाई.”

लतीफभाई म्हणाले, “मेरे साले का कुल्फी का डीप फ्रीजर है. बस स्टँड पे.”

त्यांनी बेअरिंगला तेल लावलं, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळली आणि हरवू नये म्हणून कुल्फीच्या एका रिकाम्या साच्यात तळाशी ठेवून फ्रीजरमध्ये ठेवली. साल्याला सांगायचं राहिलं. शुक्रवार होता, ते नमाजला गेले. साल्यानं रिकामे साचे दिसले तसे दुधानं भरले. हात सवयीचा, नजर गिऱ्हाइकावर.

लतीफभाई संध्याकाळी परत आले तेव्हा त्या साच्यातली कुल्फी विकली गेली होती. गिऱ्हाईक ठाणाकुशनूरला जाणाऱ्या जीपमध्ये बसलं होतं आणि जीप निघून गेली होती.

पासष्ट वर्षांच्या लतीफभाईंनी स्कूटरवरून त्या जीपचा पाठलाग केला. ओढ्याच्या पुलाजवळ आडवी घातली. आत एक पागोटेवाले पाटील बसलेले. एका हातात अर्धी कुल्फी, दुसऱ्या हातात दुधानं माखलेली प्लॅस्टिकची पुडी. ती दातांत अडकल्यामुळं ते अगोदरच विचारात पडले होते.

“हे काय हाय ओ?” त्यांनी विचारलं.

लतीफभाईंना धाप लागलेली. एवढंच म्हणाले, “विमान का है. दे दो.”

पाटलांनी एकदा आभाळाकडं पाहिलं. एकदा लतीफभाईंकडं पाहिलं. पुडी दिली. मग थोडा विचार करून उरलेली कुल्फीपण दिली.

पुडीला दातांची दोन भोकं पडली होती. मास्तरांनी बेअरिंग पेट्रोलनं तीनदा धुतली. तरी पुढचे चार दिवस तिच्या डबीला मुंग्या लागायच्या.

* * *

त्या वेळी दिवाळीला आठ दिवस राहिले होते. मास्तरांच्या घरात सामान बांधायला सुरुवात झाली होती. भांडी पोत्यात, पुस्तकं खोक्यात. इंजिन अजून पाटावर, उघडंच. मास्तर दोरी आवळता आवळता मधेच थांबून त्याच्याकडं बघायचे. आम्ही गेलो की म्हणायचे, “नाही जमलं तर नाही जमलं. शोकेस चांगली आहे म्हणतात.” ते इतक्या वेळा म्हणायचे, की चौथ्या-पाचव्या वेळी अक्कांनीच फ्रिजचं दार उघडलं.

“ठेवा. कढीच्या भांड्याला लावू नका म्हणजे झालं.”

बसवायचं कुणी, यावर वाद सुरू झाला. मास्तरांचा हात आता थरथरतो. अण्णाला हातोड्याशिवाय हात नाही. लतीफभाई म्हणाले, कुल्फीनंतर त्यांना ती बेअरिंग बघवत नाही. माझं नाव कुणी घेतलंसुद्धा नाही.

‘विमान’ तवा चुलीवर होता. अक्का पुढं झाल्या, पाणी शिंतडलं, मोती नाचले. डाव्या हातानं चिमट्यात इंजिन धरलं, उजव्या हातानं फ्रिजमधली बेअरिंग उचलली आणि पुरणपोळी तव्यावर सोडावी तशी, वाकडी न होऊ देता, अलगद आत सोडली.

टप!

ठोकाठोकी नाही, काही नाही. लतीफभाईंनी थंड झाल्यावर दांडा बसवून फिरवला. लोण्यातून सुरी जावी तसा फिरला.

“अक्का,” अण्णा हात जोडून म्हणाला, “माझ्या दुकानात येता का?”

“रविवारी सुट्टी देणार का?” अक्कांनी विचारलं. “रविवारी आमचं हे विमान असतंय.”

* * *

टेंपो दिवाळीनंतरच्या सोमवारचा ठरला होता. म्हणजे रविवार एकच हातात.

त्या दिवशी अक्कापण माळावर आल्या होत्या, डबा घेऊन. मास्तरांनी धुतलेला पांढरा शर्ट घातला होता. विमान जमिनीवर ठेवलं, टाकी काठोकाठ भरली. चार वर्षं इंजिन दोन मिनिटांत बंद पडायचं, त्यामुळं भरलेली टाकी किती वेळ चालते हे आमच्यातल्या कुणालाच आठवत नव्हतं.

मास्तरांनी पंख्याला बोट लावलं. पहिल्याच झटक्याला सुरू! आणि काय तो आवाज! किरकिर नाही, खरखर नाही. रेशमाचा तागा टराटरा फाडत जावं तसा एकसारखा. लतीफभाईंनी टोपी काढली.

मास्तरांनी रिमोट हातात घेतला. विमान माळावर धावलं, उचललं, बाभळीच्या वरून गेलं, आणि चार वर्षांनी मास्तरांचं इंजिन आभाळात होतं. त्यांनी एक फेरी मारली, दुसरी मारली. मग आवाज नीट ऐकायला मिळावा म्हणून इंजिनाचा वेग अर्ध्यावर आणला.

“मास्तर, लांब जायलंय. वळवा आता,” अण्णा म्हणाला.

“वळवलंय.”

“वळंना की.”

“वळवलंय म्हटलं ना!”

लतीफभाईंनी हळूच विचारलं, “रिमोट चार्ज किसने किया था?”

तीन महिने आम्ही सगळे बेअरिंगकडं बघत होतो. अण्णाला वाटलं रिमोट लतीफभाई बघतील, लतीफभाईंना वाटलं मी, आणि मला वाटलं ते अण्णाचं खातं. चौघांचं काम म्हणजे कुणाचंच काम नव्हे, हे खरं तर मला तरी कळायला हवं होतं. मी सगळी नोकरी त्यावर काढली.

विमान अर्ध्या वेगानं, शांतपणे, मोठमोठी वर्तुळं घेत वाऱ्याबरोबर पश्चिमेला सरकत चाललं. कडब्याच्या पेंढीएवढं, मग पाखराएवढं, मग ठिपक्याएवढं.

“मास्तर,” अण्णा डोळ्यांवर हात धरून म्हणाला, “गेलं महाराष्ट्रात.”

मास्तर रिमोट तसाच दोन्ही हातांत धरून उभे होते. अक्कांनी डब्याचं झाकण उघडलं होतं, ते परत लावलं. लतीफभाई आणि अण्णा स्कूटरला किक मारू लागले, पण जायचं कुठं, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

तेवढ्यात मास्तरांचा फोन वाजला. पंखाच्या खालच्या बाजूला अण्णानं जीपवर लिहितात तसा लाल पेंटनं मास्तरांचा नंबर लिहिला होता. मास्तरांचे दोन्ही हात रिमोटवरच होते, म्हणून अक्कांनी फोन घेऊन स्पीकर लावला आणि त्यांच्यासमोर धरला.

“हॅलो! हे विमान तुमचं का ओ?” पलीकडं कुणीतरी शेतकरी, जिवाच्या आकांतानं ओरडत होता.

“व्हय, माझंच. मोडलं का?”

“मोडलं न्हाई. आमच्या खळ्यावर सोयाबीनच्या भुसाचा ढीग हाय, त्यात शेपूट घुसवून बसलंय, नाक वर करून. पर ह्याचा पंखा फिरायलाय की अजून! कोंबड्या तुरीत पळाल्या, म्हशी दावं तोडायल्यात! हे बंद कुठून करायचं तेवढं सांगा!”

“किरकिर यायलीय का?” मास्तरांनी विचारलं.

“आँ?”

“आवाजात. किरकिर यायलीय का?”

पलीकडचा माणूस क्षणभर थांबला. बहुतेक ऐकत असावा. “न्हाई. किरकिर न्हाई. एकसारखा यायलाय. पर म्हशी...”

“बंद करू नका,” मास्तर म्हणाले. “पंख्यापासून लांब उभं राहा, अन् फोन तेवढा तिकडं धरा.”

“अहो, म्हशी सुटायल्यात!”

“सुटू द्या,” मास्तर म्हणाले. “तुम्ही फोन धरा.”